रामटेकात उणे चाळीस

विदर्भातला माणूस मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडत नाही, असा बाहेरच्यांचा समज आहे. त्याला बाहेर काढायचं असेल तर गावाजवळ एखादं पोकलेन बंद पाडून पाहावं. डोक्याला दुपट्टे गुंडाळलेली तज्ज्ञ मंडळी पाहता पाहता गोळा होतात. पोकलेन म्हणजे आमच्याकडे चेनवर चालणारं आणि लांब हातानं खोदणारं कुठलंही मशीन. त्याच्या अंगावर कोणत्या कंपनीचं नाव लिहिलंय याच्याशी गावाला देणंघेणं नाही.

रामटेकजवळच्या एका मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात, गाळ काढायचं काम चाललं होतं. मशीन आमच्या मोहल्ल्यातल्या शेठचं. ते पुरतं बंद पडलं नव्हतं, पण ताकदच धरत नव्हतं. बकेट गाळात घातली की इंजिन दबायचं. पंखा मात्र जीव तोडून फिरत होता. गर्दीतून निदानं यायला सुरुवात झाली. डिझेलात पाणी असेल. फिल्टर चोक असेल. उन्हानं हवा धरली असेल. एकानं तर थेट खात्यांतर्गत चौकशीच सुरू केली: ‘‘ऑपरेटर नवा हाय नं? मंग झालं.’’

मला बोलावण्याचं कारण वेगळं. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. मशीनचं मॅन्युअल इंग्रजीत असतं, आणि ज्यानं जन्मभर ‘पॅसिव्ह व्हॉइस’ शिकवला त्याला हायड्रॉलिक पंपही कळत असणार, अशी शेठची श्रद्धा आहे.

‘‘सर, पाहा बरं हे काय म्हन्ते,’’ ऑपरेटरनं केबिनमधून हाक मारली.

पडद्यावर इंजिनातल्या पाण्याचं तापमान होतं. उणे ४० अंश सेल्सिअस.

‘‘उणे चाळीस म्हणतंय,’’ मी जाहीर केलं.

बाहेर पारा ४५च्या पुढे. गर्दी क्षणभर गप्प झाली. मग बांधावरून एक आजोबा म्हणाले, ‘‘मंग मशीनले थंडी वाजून राह्यली काय?’’

‘‘तरीच म्हनलं,’’ दुसरा म्हणाला, ‘‘एवढ्या थंडीत पंखा कायले चालू ठेवला?’’

उणे ४० हा आकडा तसा मानाचा. सेल्सिअस आणि फॅरनहाइट या दोन पट्ट्यांचं जन्मभरात एकाच ठिकाणी एकमत होतं, ते इथे. त्यामुळे मॅन्युअल अमेरिकेत छापलेलं असो की पुण्यात, गारठा तोच. पण हा आकडा दिसल्यावर घोंगडी शोधू नये, तुटलेली वायर शोधावी. पाण्याचं तापमान मोजायला त्यात बुडवलेला सेन्सर म्हणजे पितळी बोल्टाच्या पोटात बसवलेला एक बारीक मणी. तो तापला की त्याचा विद्युतरोध उतरतो, गार झाला की चढतो. सर्रास वापरात असलेल्या प्रकारात २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. मशीनमधला कम्प्युटर त्याच्याकडे ५ व्होल्टची लाइन सोडतो आणि त्यातले किती उरले यावरून तापमान ठरवतो. वायरच तुटली तर रोध अमर्याद होतो, आणि कम्प्युटरच्या हिशेबात जगातली सगळी थंडी त्या मण्यापाशी येऊन बसते. उलट वायर सोलून मशीनच्या अंगाला टेकली, तर रोध शून्य होतो आणि पडदा १२०-१४० अंश दाखवून बोंबलायला लागतो.

मग पंखा कशाला फिरतो? तर निरोपावर विश्वास बसेना झाला की कम्प्युटर वाईटात वाईट घडलंय असं धरून चालतो. ताकद कापतो, पंखा पूर्ण सोडतो. मी कॉलेजात असताना घरी यायला उशीर झाला की माझी आई आधी दवाखान्यात विचारायची आणि मग मित्राकडे. तोच हा स्वभाव.

शेठनी दोन ओळींत निकाल दिला. ‘‘सेन्सर उडला. नागपूरवरून नवा आना.’’

नवा आला. उणे ४०. दुकानदारानं डुप्लिकेट दिला असेल म्हणून ओरिजिनल आणला. उणे ४०. तो बॉक्समधूनच खराब निघाला असेल असं ठरवून तिसरा आणला. मशीनची थंडी काही जाईना. शेठच्या कपाटात मात्र सेन्सरचं प्रदर्शन मांडण्याइतका माल झाला.

वाईट निरोप आला की निरोप्यालाच बदलायची ही खोड एकट्या शेठची नाही. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी नावाचं पाखरू न्यावं, असं जे. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुचवलं. ब्रिटनच्या खाणींत ही पाखरं १९८६ पर्यंत कामावर होती, मग त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली. पाखरू मान टाकायचं, माणसं बाहेर पळायची. ही पद्धत आमच्या शेठसारख्यांच्या हाती पडली असती, तर पाखरानं मान टाकल्याबरोबर वर निरोप गेला असता: ‘‘पाखरू खराब निघालं. दुसरं पाठवा. या वेळी ओरिजिनल पाठवा.’’

आता रामटेकसारख्या ठिकाणी इतकी यंत्रं कशाला, असं कोणी विचारील. बाहेरच्यांना रामटेक म्हटलं की गडमंदिर, खिंडसी, विड्याची पानं आणि कालिदास आठवतो. मशीनवाल्यांना आठवते धूळ. पलीकडे मनसर आणि कांद्रीला मँगनीजच्या खाणी आहेत. १८९६च्या ब्रिटिश सिंडिकेटपासून सुरू झालेला हा कारभार १९६२ साली सरकारच्या भागीदारीत आला आणि आज मॉइल या नावानं चालतो. खाली कन्हान-कामठीकडे वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचा, कोळसा. मधल्या टेकड्यांत मुरूम. काळी, अधिक काळी आणि तांबडी, असा धुळीत निवडीला पुरेसा वाव आहे. शिवाय दिवाळीच्या सुमारास धान कापायला पंजाबचे हार्वेस्टर उतरतात, आणि त्यांचेही सेन्सर आमच्याच बांधावर येऊन रुसतात.

निरोप्यावर संशय घ्यायची तर या गावाला फार जुनी सवय आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं, तेव्हापासून आम्ही ढगाकडेही गाववाला म्हणून पाहतो. कामात कुचराई केली म्हणून वर्षभरासाठी ड्युटीवरून काढलेला यक्ष इथे येऊन राहिला. रामटेकला शिक्षेची बदली झालेला हा पहिला कर्मचारी. त्यानं ढगाच्या हाती निरोप द्यायचं ठरवलं, तेव्हा तांत्रिक हरकत खुद्द कालिदासानंच घेतली: धूर, आग, पाणी आणि वारा यांचा नुसता गोळा तो, निरोप काय पोहोचवणार? हरकत त्या काळात रास्त होती. पण इंजिनाचं बॉनेट उघडून पाहा. धुराचा निरोप सायलेन्सरमधला नॉक्स सेन्सर देतो. आगीचा निरोप तापमानाचे सेन्सर देतात. पाण्याचा निरोप एक कूलंटमधून आणि एक डिझेल फिल्टरच्या तळातून येतो. वाऱ्याचा निरोप टर्बोच्या पुढचा बूस्ट सेन्सर देतो. कालिदासानं नापास केलेले चारही उमेदवार आता दूतखात्यात कायम झाले आहेत. फरक इतकाच की यक्षानं ढगाची वायर कापली नव्हती.

वायर कापण्याचा प्रस्ताव आमच्याकडे मिस्त्रीमामांनी आणला. मिस्त्रीमामा जुन्या जमान्यातले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि कोणत्या सिलेंडरचा इंजेक्टर टाकटुक करतोय ते डोळे मिटून सांगायचं. ही विद्या खरी आहे. मी तिची थट्टा करणार नाही, कारण ते सांगतात ते बहुतेक वेळा बरोबर निघतं. पण ट्रकांना १ एप्रिल २०२०पासून बीएस-६, चाकांच्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१पासून स्टेज ४ आणि १ जानेवारी २०२५पासून स्टेज ५ असे धुराचे नियम कडक होत गेले, आणि इंजिनात कान लावण्यापेक्षा वायर मोजायचीच कामं वाढली. मामांचा त्यावरचा उपाय ठरलेला.

‘‘शेठ, सेन्सर-बिन्सर कायले पाह्यजे? डायरेक्ट करून देतो नं.’’

डायरेक्ट करणे म्हणजे सेन्सर काढून त्या जागी दहा-वीस रुपयांचा रेझिस्टर बसवणे. तीनशे ओहमचा बसवला की कम्प्युटरला वाटतं पाणी ८० अंशांवर आहे. सकाळी ८०, दुपारी ८०, रेडिएटर फुटून पाणी तलावात वाहून गेलं तरी ८०. इंजिनाला कायमचा वसंत ऋतू. लाइट लागत नाही, अलार्म वाजत नाही, मालक खूश. एका डंपरवाल्यानं असाच ऑइल प्रेशरचा भोंगा बंद करून घेतला होता, कारण भोंग्यामुळे त्याला गाणी ऐकू येत नव्हती. पुढे इंजिन जाम झालं, तेव्हा गाणं नीट ऐकू येत होतं म्हणतात.

मामांना थोपवलं ते त्यांच्याच हेल्परनं. आयटीआय झालेला पोरगा, खिशात पेनाऐवजी मल्टीमीटरच्या पिना. त्यानं मला विचारलं, ‘‘सर, कोड काय हाय ते वाचा नं आधी.’’

कोड होता एसपीएन ११०, एफएमआय ३. जड वाहनांच्या आणि यंत्रांच्या इंजिनांसाठी जे१९३९ नावाचं प्रमाण आहे, त्यातली ही भाषा. पहिला आकडा कोणाबद्दल बोलणं चाललंय ते सांगतो: ११० म्हणजे इंजिनातलं पाणी, १०० म्हणजे ऑइलचं प्रेशर, ९७ म्हणजे डिझेलातलं पाणी. दुसरा आकडा काय बिनसलंय ते सांगतो, आणि सगळी मेख या दुसऱ्या आकड्यात आहे. ३ म्हणजे व्होल्टेज गरजेपेक्षा चढलेलं, ४ म्हणजे उतरलेलं, ५ म्हणजे लाइन तुटल्यासारखी. ही सगळी भांडणं विजेची. पण ० किंवा १ आला, तर कम्प्युटरच्या मते सेन्सर खरं बोलतोय आणि इंजिन खरंच संकटात असू शकतं. १०० आणि १ अशी जोडी दिसली की चावी फिरवायची, मशीन जागच्या जागी बंद करायचं आणि मगच कोणाला फोन लावायचा असेल त्याला लावायचा. आमच्याकडे या दोन्ही प्रकारांना एकच औषध आहे: नवा सेन्सर.

बाकीची यादी मी नंतर घरी पंख्याखाली वाचून काढली आणि निखळ करमणूक झाली. २ म्हणजे माहिती अनियमित, अधूनमधून येणारी किंवा चुकीची. आमच्या नळयोजनेच्या वेळापत्रकाला हा क्रमांक द्यायला हरकत नाही. १२ म्हणजे हुशार उपकरण बिघडलं. १४ म्हणजे विशेष सूचना. ३१ म्हणजे ‘अशी स्थिती आहे’. आणि ११ म्हणजे मूळ कारण माहीत नाही! सातासमुद्रापलीकडच्या इंजिनिअरांनी समित्या बसवून, चर्चा करून अज्ञानालासुद्धा नंबर दिला, याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला. आमच्या मिस्त्रीमामांना काही कळेनासं झालं की ते चहा मागवतात. त्यालाही एक नंबर हवा.

पोरानं सेन्सरला हातच लावला नाही. आधी त्यानं बॅटरी मोजली. व्होल्टेज पडलं किंवा अर्थिंगची पट्टी ढिली असली, तर कम्प्युटर एकदम डझनभर कोड फेकतो आणि मालक डझनभर सेन्सरची यादी करतो. बॅटरी ठीक निघाली. मग त्यानं सेन्सरचं कपलर, म्हणजे वायरीचा जोड, काढलं आणि वायरिंगच्या बाजूच्या दोन्ही पिना एका तारेच्या तुकड्यानं जोडल्या.

‘‘आता पडदा पाहा, सर. वायर चांगली असन तं वर उडीन.’’

पडदा हलला नाही. उणे ४०. म्हणजे तिन्ही सेन्सर निर्दोष आणि चोर वायरिंगमध्ये. शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हीच चाचणी पोरानं इंजिनामागच्या मधल्या कपलरवर, कम्प्युटरच्या बाजूनं केली. पडदा उणे ४०वरून टाणकन १४०वर गेला. बांधावर टाळ्या पडल्या. ‘‘थंडी गेली,’’ आजोबांनी जाहीर केलं, ‘‘आता ताप चढला.’’

हे वाचून कोणी उत्साहानं तार घेऊन निघणार असेल तर थांबावं. हा खेळ दोन वायरच्या तापमान सेन्सरचा आहे. प्रेशरचा सेन्सर तीन वायरचा असतो. तिथे भलत्या पिना जोडल्या की ५ व्होल्टची लाइन शॉर्ट होते, आणि त्याच लाइनवर जेवणारे शेजारचे सेन्सरही एकदम आडवे होतात. कधी कधी एक सेन्सर आतून शॉर्ट होऊनही हाच गोंधळ घालतो. तेव्हा एकेक कपलर काढत जायचं. ज्याचं काढल्याबरोबर बाकीचे उठून बसतात, तो गुन्हेगार.

मधलं कपलर उघडलं तर आत हिरवा चुरा. एक पिन गंजून मागे सरकलेली. मिस्त्रीमामांनी तो चुरा बोटावर घेतला, उन्हात धरला आणि पहिल्यांदाच स्क्रूड्रायव्हरशिवाय निदान केलं, ‘‘हे दसऱ्याचं पाणी हाय.’’

मामांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. सेन्सर मारण्याचा आमचा वार्षिक मुहूर्त खंडेनवमी. त्या दिवशी यंत्रांची पूजा, आणि पूजेआधी अंघोळ. वर्षभर ज्या मशीनला कोणी ओल्या फडक्यानं पुसत नाही, तिला त्या दिवशी वॉशिंग सेंटरवर उभं करून प्रेशरच्या पाण्यानं सचैल स्नान घालतात. नेमकं कपलर, फ्यूज बॉक्स, कम्प्युटरचं डबडं जिथे आहे तिथे जास्त मळ दिसतो, म्हणून तिथे जास्त पाणी. रबरी सील किती दम धरणार? पाणी आत शिरतं. वर झेंडूचे हार, हळदकुंकू, पुढे लिंबू-मिरची. मशीन नवरीसारखं नटतं आणि आतून गंजायला लागतं. काही मशिनी दुसऱ्याच दिवशी सोनं वाटताना बंद पडतात. काही सोशिक असतात, त्या मेपर्यंत काढतात.

दुसरा मुहूर्त वेल्डिंगचा. बकेटचा दात तुटला की वेल्डिंगवाला भाऊ येतो, जिथे सोयीचं तिथे अर्थचा चिमटा अडकवतो आणि ठिणग्या उडवतो. बॅटरीच्या वायरी काढायच्या, कम्प्युटरचं कपलर सोडवायचं आणि चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावायचा, एवढं केलं नाही तर वेल्डिंगचा करंट परत जाताना कोणत्या सेन्सरच्या घरातून जाईल याचा भरवसा नाही. तिसरा गुन्हेगार उंदीर. पावसाळ्यात मशीन चार महिने उभं राहिलं की इंजिनाच्या उबेला आणि कपड्यांच्या चिंध्यांना भुलून कुटुंबासकट येतो. त्याला मुहूर्त लागत नाही.

पोरानं पिन बदलली, कपलर क्लीनरनं धुतलं, त्यात विजेच्या कामाचं पातळ ग्रीस भरलं, घासणारी वायर पट्टीनं बांधली. जाताना ऑपरेटरला एक सकाळचा नेम लावून दिला: रात्रभर थंड झालेल्या मशीनला नुसती चावी लावायची, इंजिन सुरू करायचं नाही. पाणी, हवा, डिझेल यांची तापमानं त्या वेळी जवळपास सारखीच दिसली पाहिजेत, कारण रात्रभर तिघंही एकाच अंगणात झोपलेली असतात. ऑइलचं प्रेशर शून्य पाहिजे. बूस्टचा सेन्सर नुसती बाहेरची हवा मोजतो. तो शून्यापासूनचा दाब दाखवत असेल, तर आमच्या साडेतीनशे मीटर उंचीवर शंभर किलोपास्कलच्या जरा खाली यायला हवा. यात कोणी एक फटकून वागत असेल, तर तो आजारी पडायच्या बेतात आहे. चहा उकळेपर्यंत होणारं काम आहे हे. ऑपरेटरनं मान डोलावली आणि विचारलं, ‘‘मंग चहाकडे कोन पाहीन, सर?’’

बिल झालं फक्त पिनचं आणि ग्रीसचं. शेठना ते पटेना. तीन सेन्सरांचे पैसे घालवून जो रोग बरा झाला नाही, तो एवढ्याशा पैशांत बरा झाला म्हणजे पोरानं काहीतरी लपवलंय, असा त्यांचा बरेच दिवस संशय होता. शेवटी मी त्यांना एवढंच पटवलं, की मधल्या कपलरशेजारी मोठ्या अक्षरांत ‘कपलरवर पाणी मारू नये’ असं रंगवून घ्या. पेंटर ट्रकांच्या मागे शेर लिहिणारा, अक्षर देखणं. पण जागा कमी पडली, म्हणून त्यानं ‘कपलरवर पाणी मारू’ एवढं बॉडीवर लिहिलं आणि ‘नये’ शेजारच्या झडपेवर, तांबड्या रंगात, खाली कमळ काढून.

खंडेनवमीला मशीन वॉशिंगला गेलं. धुणाऱ्या पोरानं सवयीप्रमाणे आधी झडप उघडून मागे टेकवली, मग उरलेली सूचना नीट वाचली आणि पाइप घेऊन ती तंतोतंत पाळली.